बुडीत मजुरी : केसपेपरवर न लिहिलेला आजार

मधुमेह असलेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी, यावर मी पूर्वी लिहिलं आहे. रोज रात्री तळपाय बघा, अनवाणी चालू नका, जखम झाली तर पायावर भार देऊ नका, वगैरे. त्या लेखात एक गोष्ट राहून गेली होती. ती आज सांगतो. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून सांगायला जरा उशीर झाला.

तीन आठवडे आराम

माझा दवाखाना कुडव्यात आहे. कुडवा म्हणजे गोंदिया शहराला लागून असलेलं गाव. आता शहर कुठे संपतं आणि कुडवा कुठे सुरू होतो, हे नव्या माणसाला कळणार नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथे राइस मिल आहेत, आणि मिल म्हटली की हमाल आले. शेजारच्या घरांत बायका सुपात तेंदूपानं आणि तंबाखू घेऊन बिड्या वळतात. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धान कापणी, उन्हाळ्यात तेंदूपानं. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण या चक्रातले. आज काम केलं तर आज पैसे, नाही केलं तर नाही.

काही वर्षांपूर्वी एका मिलमध्ये हमाली करणारे गृहस्थ माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आपण त्यांना नुसतं भाऊ म्हणू. वय पन्नासच्या आतलं, मधुमेह सहा-सात वर्षांचा. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. ती दुखत नव्हती, म्हणूनच ते उशिरा आले होते.

जखम दुखत नाही ही मधुमेहात चांगली खूण नसते. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. मग खडा टोचला, चप्पल घासली, तरी कळत नाही. निरोगी माणूस दुखऱ्या पायावर आपोआप कमी भार टाकतो, लंगडतो. त्या लंगडण्यानेच जखम भरायला वेळ मिळतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो त्याच जखमेवर दिवसभर उभा राहतो आणि प्रत्येक पावलाला ती नव्याने चिरडली जाते. म्हणून अशा जखमेचं मुख्य औषध मलम नाही आणि अँटिबायोटिकही नाही. पायावरचा भार काढणं हे मुख्य औषध. बाकी सगळं त्याच्या मदतीला.

मी हे भाऊंना नीट समजावलं. ड्रेसिंग केलं, गोळ्या लिहिल्या, साखरेचं औषध वाढवलं आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं : तीन आठवडे पूर्ण आराम, उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही. दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला या. भाऊंनी मान डोलावली. "हो जी" म्हणाले.

ते दुसऱ्या ड्रेसिंगला आले, तिसऱ्याला नाही. एकोणिसाव्या दिवशी आले ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं, पाय घोट्यापर्यंत सुजला होता, अंगात ताप होता.

मी रागावलो. दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रागावलो. इतकं समजावून सांगितलं, लिहून दिलं, तरी तुम्ही लोक ऐकत का नाही? पाय तुमचा आहे की माझा? भाऊ खाली बघत राहिले. बायको मात्र बोलली, तीही आवाज न चढवता.

"तुमी आराम लिहून देल्ला जी. पन आराम काही मेडिकलात नाही भेटत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिठ्ठी लिहून त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दोन बोटं काढावी लागली.

हिशोब

पुढे ते टाके तपासायला आले, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना कामाबद्दल विचारलं. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

हंगामात काम भरपूर असेल तर रोजचे चारशेच्या आसपास सुटायचे. मिलमध्ये नाव कुठल्या रजिस्टरात नव्हतं. मुकादम बोलावेल त्या दिवशी काम. दोन-तीन दिवस गेलं नाही की जागा दुसऱ्याला. बायको बिड्या वळायची, पण तिच्या पैशात किराणा कसाबसा निघायचा. मुलीच्या लग्नासाठी गटाचं कर्ज घेतलेलं, त्याचा हप्ता दर मंगळवारी. हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका दाराशी येऊन बसणार. पहिला मंगळवार त्यांनी साठवलेल्या पैशात काढला. दुसऱ्या मंगळवारच्या आधी ते पायाला फडकं बांधून मिलमध्ये गेले. तिसरं ड्रेसिंग तेव्हाच चुकलं.

मी कागद घेऊन बेरीज केली. तीन आठवड्यांचा आराम म्हणजे २१ दिवस गुणिले ४०० रुपये, म्हणजे ८४०० रुपये. माझी फी, औषधं आणि ड्रेसिंग यांचा सगळा खर्च त्याच्या पाव हिस्साही नव्हता. म्हणजे मी लिहून दिलेल्या इलाजातला सगळ्यात महाग भाग 'आराम' हाच होता, आणि त्याची किंमत मी कधी विचारलीच नव्हती. बोटं काढल्यावर ते शंभरेक दिवस घरी बसले. ते झाले ४०,००० रुपये. शस्त्रक्रियेचं बिल सरकारी योजनेत माफ झालं. या शंभर दिवसांचं बिल कुठल्याच योजनेत बसलं नाही.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

त्याच सुमारास एका विद्यापीठातून एक विद्यार्थिनी आमच्या भागात सर्वेक्षणाला आली होती. असंघटित कामगार, त्यांची मिळकत आणि सामाजिक सुरक्षा असा काहीतरी तिचा विषय होता. दुपारच्या वेळी ती माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लोकांशी बोलायची. मला ती जराशी अडचणच वाटायची. जाताना तिने मला एकच प्रश्न विचारला : "सर, तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना आजारपणाची पगारी रजा मिळते?"

मला सांगता येईना. मग मी आठवडाभर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, तलाठी कार्यालयातले असे मोजके लोक सोडले तर कुणालाच नाही. वीस वर्षं मी या सगळ्यांना एकाच शाईने 'आराम करा' लिहून देत होतो. शिक्षकासाठी त्याचा अर्थ होता रजेचा अर्ज. हमालासाठी त्याचा अर्थ होता चूल.

त्या मुलीने मला काही वाचायला पाठवलं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र असल्या विषयांशी माझा संबंध बारावीनंतर सुटला होता. वाचता वाचता लक्षात आलं की माझ्या दवाखान्यात रोज घडणाऱ्या गोष्टींवर जगभरच्या विद्यापीठांत माणसं आयुष्यभर काम करत आली आहेत. त्यातलं थोडं तुमच्यासाठी इथे देतो.

विषमता शरीरात कशी शिरते

लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याला व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात. सुमारे १८,००० पुरुष कर्मचारी. त्यात खरा गरीब कुणी नव्हता. सगळ्यांना पगार, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा. तरीही दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीतल्यांच्या तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनी त्या फरकाचा काही भागच समजत होता. हे काम पुढे नेणारे प्राध्यापक मायकल मार्मट नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाचा २००८ चा अहवाल सांगतो की माणूस कसा जन्मतो, वाढतो, काम करतो आणि म्हातारा होतो, यावर त्याचं आरोग्य मोठ्या प्रमाणात ठरतं. दवाखाना त्यात उशिरा येतो.

दुसरं काम आपल्याकडचं. अनिरुद्ध कृष्णा हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश आणि बाहेरच्या काही देशांतल्या गावोगावच्या हजारो कुटुंबांकडून त्यांची कहाणी ऐकली : तुम्ही गरीब होतात का, आता आहात का, आणि मधे काय झालं? माणसं गरिबीत कशी पडतात, याचं सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं आजारपण. एकीकडून दवाखान्याचा खर्च, दुसरीकडून बंद झालेली मिळकत, आणि मधे कर्ज. २०१० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच आहे 'वन इलनेस अवे', म्हणजे गरिबी फक्त एका आजारपणाच्या अंतरावर.

तिसरा अभ्यास वाचून मला माझीच लाज वाटली. 'हे लोक सांगितलेलं लक्षात ठेवत नाहीत' ही आम्हा डॉक्टरांची नेहमीची तक्रार. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांना दोनदा डोकं चालवायची कोडी घातली गेली. एकदा कापणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा कापणीनंतर, पैसा आल्यावर. माणसं तीच, शिक्षण तेच. कापणीआधी त्यांना कोडी कमी सुटली, नंतर जास्त. पैशाची चिंता डोक्यात सतत चालू असली की बाकीच्या गोष्टींना जागा उरत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष. भाऊ माझं बोलणं ऐकत होते तेव्हा त्यांच्या डोक्यात मंगळवार चालू होता, हे मला आता कळतं.

आपल्या महाराष्ट्रात हे आधीच कळलं होतं

वाचून हेही समजलं की मजुरी आणि शरीर यांचा संबंध आपल्या राज्याने फार पूर्वी ओळखला होता.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोण, हे ठरवण्यासाठी त्यांनी सुरुवात पोटापासून केली : माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब. आणि उपाय म्हणून त्यांनी भर दिला तो हाताला हमखास काम देण्यावर. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, मोठा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापूर भागात १९६५ पासून करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना मग राज्यभर गेली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा मिळू लागला. २००५ साली देशभरचा कायदा झाला, आणि २००६ ला तो ज्या जिल्ह्यांत आधी लागू झाला त्यांत आपला गोंदियाही होता.

यातली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट एका डॉक्टरची आहे. डॉ. अभय बंग यांना आपण गडचिरोलीतल्या बालमृत्यूंवरच्या कामामुळे ओळखतो. त्याच्या आधी, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी वेगळाच अभ्यास केला होता. तेव्हा शेतमजुराची किमान मजुरी होती दिवसाला ४ रुपये, आणि ती पागे समितीच्या हिशोबावर आधारलेली होती. बंगांनी तो हिशोब आहारशास्त्राच्या नजरेने पुन्हा मांडला. कष्टाचं काम करणाऱ्या शरीराला आणि त्याच्या कुटुंबाला जगायला खरोखर किती लागतं? उत्तर आलं १२ रुपये. त्यावरून वाद झाले, चळवळ झाली, आणि शेवटी सरकारने मजुरी १२ रुपये केली. रोजगार हमीवरच्या आणि शेतातल्या लाखो मजुरांच्या ताटात त्यामुळे जे पडलं, ते कुठल्याही टॉनिकने पडलं नसतं.

आणि उलट बाजूही इथलीच. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं बरीच होती, त्यात आम्हा डॉक्टर मंडळींचाही वाटा होता. पण एक कारण असं की उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस खाडा झाला की मजुरी तर बुडतेच, वर दंड. पाळीच्या त्रासासाठी विश्रांती घेणं परवडत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा. भाऊंच्या बोटांची गोष्ट आणि ही गोष्ट मला वेगळी वाटत नाही.

'बुडीत मजुरी' हा सरकारी शब्द आहे

आजारपणात मजुरी भरून द्यावी ही कल्पना नवी नाही. जर्मनीत १८८३ साली कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला, त्यात अर्धी मजुरी १३ आठवड्यांपर्यंत देण्याची सोय होती. आपल्याकडे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, आला. त्यात विमा असलेल्या कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. क्षयरोगासारख्या ठरावीक लांब आजारांत ८० टक्के, आणि तीही दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी नाव रजिस्टरात लागतं, वर्गणी भरलेली लागते. भाऊंचं नाव मुकादमाच्या तोंडात होतं, कागदावर नव्हतं. देशातले बहुतांश कामगार असेच.

तरीही काही ठिकाणी सरकारने हा प्रश्न नेमक्या नावाने ओळखला आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणाआधी आणि नंतर मिळून ४००० रुपये देण्याची योजना आहे. तिचं नाव 'बुडीत मजुरी'. शेवटच्या महिन्यात रोवणीला जाऊ नये, बाळंतपणानंतर लगेच कामाला लागू नये, म्हणून. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. या रकमा कमी आहेत, हे मला मान्य आहे. चार हजारांत किती दिवसांची मजुरी भरून निघते, हा हिशोब तुम्हीही करू शकता. पण त्यांच्या मागचा विचार बरोबर आहे. घरची मिळकत थांबली की औषधही थांबतं, आणि क्षयरोगात औषध थांबलं तर तो आजार घरातल्या इतरांपर्यंत जातो.

मी काय बदललं

मी काही धोरण ठरवणारा नाही. माझ्या हातात आहे तो केसपेपर. त्यावर आता मी वय आणि वजनाखाली तीन ओळी लिहितो : काम काय? पैसे रोजावर, नगावर की महिन्याला? आणि एक दिवस खाडा झाला तर काय होतं?

ड्रेसिंग मी सकाळी सातला आणि रात्री आठनंतर करतो, म्हणजे रोज बुडत नाही. एकाच फेरीत होतील तेवढ्या तपासण्या एकाच फेरीत. 'आराम करा' एवढंच लिहिणं बंद केलं. त्याऐवजी कोणतं काम चालणार नाही आणि कोणतं चालेल, हे लिहून देतो.

दोन वर्षांपूर्वी तशीच जखम घेऊन दुसरे एक हमाल आले. मी पायाला फेल्टची गादी लावून भार हटवला, एमसीआर चप्पल घ्यायला सांगितली आणि मिलमालकांच्या नावाने चिठ्ठी दिली : यांना सहा आठवडे उभं राहून वजन उचलण्याचं काम देऊ नये, बसून पोती शिवण्याचं काम चालेल. मालकांनी ऐकलं. पैसे कमी मिळाले, पण दाराशी कुणी येऊन बसलं नाही. जखम भरायला नऊ आठवडे लागले. बोटं शाबूत आहेत. सगळेच मालक ऐकतात असं नाही. गेल्या वर्षी एका चिठ्ठीचा उपयोग उलटा झाला, आजारी माणूस नको म्हणून त्याला घरीच पाठवलं. म्हणून आता चिठ्ठी देण्याआधी रुग्णाला विचारतो, देऊ का?

तुम्ही काय करू शकता

१. डॉक्टरांना आपलं काम सांगा. 'मजुरी' एवढं पुरेसं नाही. उभं राहून की बसून, ओझं किती, पाय चिखलात असतात का, तंबाखूची धूळ नाकात जाते का, सगळं सांगा.

२. सांगितलेला आराम जमणार नसेल तर मान डोलावू नका. तिथेच सांगा, "डॉक्टर, एवढे दिवस मला बसता येणार नाही." यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बहुतेक वेळा दुसरा रस्ता काढता येतो. मात्र आराम आपल्या मनाने मोडू नका.

३. तपासण्या लिहिल्या तर विचारा : आजच करायची कोणती, पुढच्या महिन्यात चालेल अशी कोणती?

४. मिलमध्ये, कारखान्यात, दुकानात काम करत असाल तर ईएसआय लागू आहे का, तुमचं नाव त्यात आहे का, हे विचारा. गरोदर असाल किंवा क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर आशाताईंना भेटा. बँक खातं आणि आधार यांची जोडणी आधीच करून ठेवा.

५. शस्त्रक्रिया सांगितली असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे आधी पाहा. आणि घरचा हिशोब करताना दवाखान्याच्या बिलाबरोबर बुडणारे दिवसही धरा.

६. मधुमेह असेल तर रात्री झोपताना तळपाय आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. फोड, चिरा, लाल किंवा काळा डाग, सूज यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. लवकर आलात तर थोडक्यात भागण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर काय होतं, ते वर वाचलंच आहे.

शेवटी

भाऊ अजून माझ्याकडे येतात. हमाली सुटली. आता घरी बायकोबरोबर बिड्या वळतात, आणि बोटांना अजून सवय नाही म्हणून त्यांच्या बिड्या छाटात जास्त जातात, असं त्या हसून सांगतात. साखर बरी आहे. डाव्या पायाला मी प्रत्येक वेळी हात लावून बघतो.

मी त्यांची माफी मागितली का? मागितली, बऱ्याच उशिराने, एका संध्याकाळी दवाखाना रिकामा असताना. भाऊ गडबडले, "तुमी काहून जी, साहेब" म्हणाले. बायको काही बोलली नाही. तिने पिशवीतून केसपेपर काढला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे ठेवला. त्यावर मी त्या दिवशी साखरेच्या आकड्याच्या वर लिहिलं : काम – बिडी वळणे, नगावर, हप्ता – मंगळवारी.

पुढची तारीख मी बुधवारची दिली.

काळजी घ्या. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी तुमचं काम त्यांना नक्की सांगा.